ट्यूब अँप आणि ओव्हरड्राइव्ह पेडल: आधी खर्ज आवरा

लाखांत किंमत असलेला, हाताने बांधलेला ट्यूब अँप (व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) घरी आणल्यावर त्याच्यापुढे, म्हणजे गिटार आणि अँप यांच्या मध्ये, दहा-बारा हजारांचे ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज वाढवून फाडणारी, पायाने चालवायची डबी) जोडावे की नाही, हा वाद गिटारवादकांच्या बैठकीत हमखास रंगतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, अँपचा स्वतःचा आवाज इतका सुंदर असताना वाटेत दोन डायोड आणि एक चिप कशाला घालायची. दुसऱ्या पक्षाच्या पायाशी पेडलांची रांगच मांडलेली असते. माझ्या मते मूळ मुद्दा दोघांच्याही हातून निसटतो. पेडल आवाजात कशाची भर घालते याची चर्चा सगळे करतात, पण अँपकडे जाणाऱ्या सिग्नलमधून ते काय काढून टाकते याकडे फारसे कोणी पाहत नाही. निदान ईएल८४ या पॉवर ट्यूबवर (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या शेवटच्या ट्यूबवर) चालणाऱ्या अँपांच्या बाबतीत तरी सगळी मजा आणि सगळी फजिती या काढून टाकण्यावर अवलंबून असते.

बुटीक अँप म्हणजे मोठ्या कारखान्यात न बनता लहान कार्यशाळेत, मोजक्या संख्येने आणि बहुधा एकाच माणसाच्या कानावर विसंबून बनलेला अँप, एवढी व्याख्या इथे पुरेशी आहे. या परंपरेचे दोन मूळपुरुष म्हणजे कॅलिफोर्नियाचे अलेक्झांडर डंबल आणि न्यू जर्सीचे केन फिशर. फिशर २००६ साली गेले, डंबल २०२२ साली. फिशर पूर्वी अँपेग कंपनीत होते, आणि आपल्या ट्रेनरेक अँपांना ते अनुक्रमांकाऐवजी बायकांची नावे देत. त्यांच्या एक्स्प्रेस या अँपपुढे पेडल लावण्याची गरजच पडत नाही, कारण स्वच्छ आवाजापासून पुऱ्या फाटलेल्या आवाजापर्यंतचा सगळा पल्ला गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर हाती येतो, आणि पेडलविरोधी मंडळी पुरावा म्हणून नेमके हेच उदाहरण पुढे करतात. पण प्रत्येक अँप एक्स्प्रेस नसतो. डंबल यांचा स्टील स्ट्रिंग सिंगर हा अतिशय स्वच्छ आणि दांडग्या ताकदीचा अँप, आणि तो वापरणारा ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन त्याच्या जोडीला आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल हौसेने वापरत असे. त्यामुळे बुटीक अँपला पेडल चालते का, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही; अँपच्या आत काय आहे ते पाहावे लागते.

माझ्याकडे आहे तो क्लीव्हलंडच्या डॉ. झी कंपनीचा मॅझ १८ ज्युनियर, दोन ईएल८४ पॉवर ट्यूबांवर चालणारा १८ वॅटचा अँप. ईएल८४ ही आपल्याकडे अजिबात अपरिचित वस्तू नव्हती. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत आणि रेडिओग्राममध्ये स्पीकरला हलवण्याचे शेवटचे काम बरेचदा हीच ट्यूब करत असे, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी ती बनवलीही. गिटारच्या दुनियेत तिला प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंडच्या व्हॉक्स एसी३० या अँपमुळे, ज्यात अशा चार ट्यूब असतात. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या मॅचलेस कंपनीचा डीसी-३० हा त्याच घराण्यातला.

या ट्यूबचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. एसी३० मध्ये ईएल८४ च्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) १० ते १२ व्होल्टांच्या आसपास बायस, म्हणजे ट्यूबची बैठक ठरवणारा स्थिर व्होल्टेज असतो; म्हणजे ग्रिडवर (सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीवर) येणाऱ्या सिग्नलचे शिखर तेवढ्या उंचीला पोचले की ट्यूब आपल्या हद्दीवर आली. फेंडरच्या मोठ्या अँपांतल्या ६एल६ ट्यूबला त्याच हद्दीवर आणायला ४५ ते ५० व्होल्ट लागतात. ईएल८४ चटकन तापणारी, चटकन रंगात येणारी ट्यूब आहे ती यामुळेच. हद्द ओलांडल्यावर मात्र एक वेगळाच प्रकार सुरू होतो. ग्रिड स्वतः विद्युतप्रवाह ओढू लागते, तिच्या अलीकडचा, आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणून देणारा कपलिंग कपॅसिटर त्या प्रवाहाने चार्ज होतो, बायस जागेवरून सरकतो आणि कपॅसिटर रिकामा होईपर्यंत ट्यूब जवळजवळ मुकी होते. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. एसी३० मध्ये हा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आणि ग्रिडवरचा रेझिस्टर २२० किलोओमचा असतो. दोहोंचा गुणाकार २२ मिलिसेकंद होतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा खुला सूर ८२ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचे एक आवर्तन सुमारे १२ मिलिसेकंदांचे. ट्यूब सावरते न सावरते तोच पुढचे आवर्तन येऊन थडकते. परिणामी जाड तारेवर पिक मारल्यावर आधी नुसता भसकन आवाज येतो आणि सूर त्याच्या मागून फरफटत येतो. विसर्जन मिरवणुकीत पावसाने भिजलेल्या ढोलावर टिपरू पडल्यावर जसे होते, अगदी तसे.

इथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, गिटारच्या सिग्नलमध्ये सर्वांत जास्त जोर असतो तो या खालच्या सुरांतच. वरच्या तारांवर गोड, दाणेदार विकृती मिळावी म्हणून आपण सिग्नल वाढवत नेतो, आणि तो वाढवताना खर्जही त्याच प्रमाणात वाढत जाऊन सगळ्यांत आधी तोच ट्यूबला बुडवतो. तेव्हा अँपला जोरात ढकलायचे असेल, तर ढकलण्यापूर्वी खर्जाला आवर घातला पाहिजे. उत्तम ओव्हरड्राइव्ह पेडले हेच करतात, फक्त त्यांच्या जाहिरातीत ते लिहिलेले नसते.

ट्यूब स्क्रीमरचेच उदाहरण घेऊ. त्याचा पहिला नमुना, टीएस८०८, १९७९ च्या सुमारास आला. जपानच्या निशिन ओन्पा कंपनीतल्या सुसुमु तामुरा यांची ही रचना. तिच्या गाभ्यात सिग्नल वाढवणारी एक ऑप-अँप चिप आहे आणि बाहेर पडलेला सिग्नल परत चिपकडे नेणाऱ्या फीडबॅकच्या वाटेवर उलटसुलट जोडलेले दोन डायोड आहेत. त्या वाटेवरचा रेझिस्टर ५१ किलोओमचा, आणि त्याला जोडून ५०० किलोओमचा ड्राइव्ह नॉब. चिपच्या दुसऱ्या पायापासून जमिनीकडे ४.७ किलोओमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जातो. या एवढ्या आकड्यांवरून पेडलचा सगळा स्वभाव कागदावर मांडता येतो. ड्राइव्ह नॉब शून्यावर असला तरी वरच्या सुरांची वाढ साधारण १२ पट होते. म्हणजे गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा (तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाचा) ०.१ व्होल्टाचा सिग्नल १.२ व्होल्ट व्हायला निघतो, आणि डायोड तर ०.६-०.७ व्होल्टांनाच वाट अडवतात. ड्राइव्ह शून्यावर ठेवून पेडल निव्वळ बूस्ट म्हणून वापरतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे पेडल जोरात पिक मारल्यावर व्यवस्थित क्लिप होत असते, म्हणजे सिग्नलची शिखरे कापत असते, फक्त ते कानाला खुपत नाही इतकेच. खुपत नाही याचे एक कारण असे की, या रचनेत मूळ सिग्नल कापला न जाता कापलेल्या सिग्नलसोबत पुढे जातच राहतो.

आता खर्जाकडे पाहू. त्या ४.७ किलोओम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडच्या जोडीमुळे ७२० हर्ट्झच्या खाली वाढीचे प्रमाण उतरत जाते. वरचे सूर जेव्हा १२ पटीने वाढतात, तेव्हा ८२ हर्ट्झच्या मूळ सुराची वाढ पावणेदोन पटीच्याही आतच राहते. डायोडांच्या नंतर येणारा दुसरा फिल्टर ७२० हर्ट्झच्याच आसपास वरची धार बोथट करतो. दोहोंच्या मध्ये जो उंचवटा उरतो, त्याला लोक ट्यूब स्क्रीमरचा मिड हंप म्हणतात आणि त्यावरून नाकेही मुरडतात. नाकातला आवाज ही तक्रार खोटी नाही. विशेषतः ज्या अँपचे मधले सूर मुळातच भरलेले असतात त्याच्यावर हा उंचवटा आणखी चढतो. मात्र अँप काठावर, म्हणजे आवाज फाटण्याच्या बेतात, वाजत असताना याच पेडलने जाड तार एकदम आवळल्यासारखी घट्ट वाजू लागते, आणि तो घट्टपणा ही त्या वाढवून न दिलेल्या खर्जाची करामत आहे.

ही युक्ती टीएस८०८ च्या कितीतरी आधीची आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये डॅलस रेंजमास्टर नावाची एक डबी निघाली. तिच्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आणि सिग्नल आत येतो तिथे ५ नॅनोफॅरडचा इवलासा कपॅसिटर, त्यामुळे खर्ज उंबरठ्यावरच अडतो. डायोड नाहीत, टोन नॉब नाही. आयरिश गिटारवादक रॉरी गॅलघरने ती एसी३० पुढे लावली, आणि क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर आजतागायत ट्रेबल बूस्टर (अशीच वरचे सूर वाढवणारी डबी) आणि एसी३० यांच्या जोडीवरच वाजवतो. (त्याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे इथे अगदीच विषयांतर असले तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.) मेच्या गिटारचा तो गाणारा, लांबत जाणारा सूर ऐकताना लोक त्याच्या स्वतः बनवलेल्या गिटारचे कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे, परंतु एसी३० इतका जोरात ढकलूनही त्याचे सूर चिखलात रुतत नाहीत, याचे श्रेय पहिल्या ट्यूबपर्यंत खर्ज पोचूच न देणाऱ्या त्या कपॅसिटरला दिले पाहिजे.

याच्या उलट स्वभावाची दोन पेडले माझ्याकडे आहेत. एक बॉसचे ब्लूज ड्रायव्हर, १९९५ पासून बाजारात असलेले. त्याचा खर्ज भरगच्च, पिकच्या प्रत्येक स्पर्शाला दाद देण्याची त्याची तयारी विलक्षण, आणि स्वच्छ फेंडर घराण्याच्या अँपवर ते ऐकावे असेच. काठावर आणलेल्या ईएल८४ वर मात्र गेन नॉब अर्ध्यावर जाताच जाड तारा भसाड्या होतात. दोष पेडलचा नाही आणि अँपचाही नाही. दोघेही खर्जाच्या बाबतीत उदार आहेत, आणि दोन उदार माणसांचा संसार चालत नाही. दुसरे म्हणजे क्लॉन सेंटॉरची एक नक्कल. मूळ सेंटॉर बॉस्टनच्या बिल फिनेगन यांनी १९९४ साली आणले. सुमारे आठ हजार नग बनले आणि आज एकेक नग काही लाखांना जातो. फिनेगन यांनी नंतर काढलेल्या केटीआर पेडलवर, हा सारा गाजावाजा माझा नव्हे, अशा अर्थाचा खुलासाच छापला, यात सगळे आले. रचना मात्र खरोखर हुशारीची आहे. आतला व्होल्टेज वाढवणारा सर्किट ९ व्होल्टांच्या पुरवठ्यातून उणे ९ ते अधिक १८, म्हणजे २७ व्होल्टांचा पल्ला काढतो, आणि जर्मेनियम डायोडांतून जाणाऱ्या वाटेला समांतर अशी एक स्वच्छ वाट ठेवलेली आहे, जिच्यातून खर्ज न कापता पुढे सरकतो. त्यामुळे पेडल पारदर्शक वाटते. माझ्या अँपवर ती पारदर्शकता पेलायची असेल तर अँपचा बास नॉब बराच उतरवावा लागतो, आणि तो उतरवला की पेडल बंद केल्यावर अँप सडपातळ वाजतो. कोणत्या अवस्थेसाठी अँप लावायचा, ही निवड मग करावीच लागते.

मी अँप लावतो तो असा. पेडल बंद, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, अँपचा मास्टर (पॉवर ट्यूबांकडे किती सिग्नल जाईल हे ठरवणारा नॉब) पूर्ण उघडा, आणि व्हॉल्यूम नॉब इतकाच वर की हळू वाजवले तर सूर स्वच्छ राहावा आणि जोरात मारले तर त्याची कड फाटावी. त्यानंतर फक्त जाड तार वाजवत बास नॉब खाली आणतो, आणि भसभस जिथे थांबते तिथे तो सोडतो. एकट्याने ऐकताना हा आवाज थोडा बारीक वाटतो, पण बेस गिटार आणि ड्रम आले की नेमकी हीच जागा रिकामी हवी असते. मग पेडलचा ड्राइव्ह शून्याजवळ ठेवून लेव्हल आधी अँपच्या आवाजाइतकी, आणि तिथून हळूहळू वर. विकृती अँपने करावी, पेडलने तिला वळण द्यावे, हा यामागचा हिशोब. आवाज तिखट झाला तर पेडलच्या टोन नॉबला हात लावण्याआधी अँपचा कट नॉब (वरची धार कमी करणारा) फिरवून पाहावा. व्हॉक्स पद्धतीच्या अँपात कट हा फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबांसाठी सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणाऱ्या टप्प्याच्या) नंतर, पॉवर ट्यूबांच्या तोंडाशी असतो, त्यामुळे आधीच्या सगळ्या टप्प्यांवर तयार झालेली कचकच तो एकदम खाली आणतो. पेडलचा टोन नॉब मात्र पहिल्या ट्यूबला मिळणारा मालच बदलून टाकतो. ज्यांच्याकडे डीसी-३० आहे त्यांनी ईएफ८६ या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ट्यूबच्या चॅनेलवर पेडल लावताना सहा टप्प्यांच्या टोन स्विचकडे लक्ष द्यावे. तो स्विच प्रत्यक्षात निरनिराळे कपलिंग कपॅसिटर निवडतो, आणि पेडल लावल्यावर त्याचे बारीक आवाजाचे टप्पेच कामाला येतात.

सोलोसाठी आवाज वाढावा म्हणून या पद्धतीवर भिस्त ठेवणाऱ्याची निराशा होते. अँप आधीच हद्दीवर असेल तर लेव्हल नॉब कितीही वर नेला तरी डेसिबल वाढत नाहीत. सूर दाटतो, लांबतो, पिकचा फटका मऊ होतो, पण मोठा होत नाही. बँडमध्ये सोलो पुढे येतो तो मधल्या सुरांच्या जोरावर, आणि ज्या उंचवट्याला आपण घरी नावे ठेवतो तोच तिथे उपयोगी पडतो. खरोखर आवाजच वाढवायचा असेल तर स्वच्छ शिल्लक असलेला मोठा अँप हवा, किंवा अँप लावतानाच तो काठाच्या बराच अलीकडे ठेवायला हवा.

हे सगळे अर्थातच अँप मोकळेपणाने वाजवता येत असेल तर. सेलेस्टियनचा अल्निको ब्लू स्पीकर एका वॅटला, एक मीटर अंतरावर, १०० डेसिबल आवाज काढतो. अठरा वॅट पुरे दिले तर हिशोब ११२ डेसिबलच्या पुढे जातो, आणि पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्याचा परिणाम काय होतो हे वेगळे सांगायला नको. वॅट निम्मे केले तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात, म्हणून कमी वॅटचा अँप घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. घरी मास्टर जवळजवळ बंद ठेवूनच वाजवावे लागते, आणि मग वरचा सगळा हिशोब उलटतो. पॉवर ट्यूबांना हद्दीजवळ जाण्याची संधीच मिळत नाही, त्यामुळे त्या खर्जाने बुडण्याचा प्रश्न उरत नाही. उलट इतक्या कमी आवाजावर कानालाही खर्ज कमी ऐकू येतो. अशा वेळी ट्यूब स्क्रीमर किरकिरा वाटतो आणि ब्लूज ड्रायव्हर एकदम भरदार, सुरेल लागते. स्टुडिओत हेच दोन पेडल जागा बदलतात. घरी ऐकून पेडल विकून टाकणाऱ्यांनी ते एकदा मोठ्या आवाजावर ऐकून मगच ठरवावे, असे मला वाटते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पेडलच्या सेटिंगमध्ये लुडबुड करते, ती म्हणजे वीज. अमेरिकेतला अँप १२० व्होल्टांसाठी बांधलेला असतो, आणि बाजारात सहज मिळणारे बरेच स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करतात. मग ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टांच्या हीटरला ५.८ व्होल्टांच्या आसपास मिळतात आणि त्याच प्रमाणात ट्यूबच्या प्लेटला मिळणारा मुख्य व्होल्टेजही उतरतो. अँप बिघडत नाही, पण लवकर फाटतो, मऊ होतो, आणि पेडलची लेव्हल नेहमीच्या जागी जास्त वाटू लागते. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा असेल तर १२० व्होल्टांचाच सांगावा, क्षमतेत कंजुषी करू नये, आणि अर्थिंगची तिसरी तार अँपपर्यंत पोचते आहे याची मीटर लावून खात्री करावी. दोन पिनांचे सॉकेट असलेला ट्रान्सफॉर्मर घरात आणूच नये, कारण तिथे प्रश्न घूं-घूं आवाजाचा नसून जिवाचा असतो. अँपच्या मागच्या पाटीवर ५० हर्ट्झ लिहिलेले आहे का, हेही पाहून घ्यावे. फक्त ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेवर जास्त तापतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सोसायटीतले सगळे एसी एकदम सुरू झाले की माझ्या भिंतीवरचा २३० चा आकडा २१० पर्यंत घसरतो. त्या वेळी वाजवायचे असेल तर मी अँपला हात लावत नाही. पेडलची लेव्हल थोडी मागे घेतो, आणि बास नॉब आणखी एक खूण खाली.